बार्जच्या सावलीत

१

आधी दाढ सापडली. माणूस नाही, नुसती दाढ. मुळासकट निघालेली, तिला चिकटलेलं मांस अजून ओलं.

फौजदारबाई पाणबुड्यांच्या शेडमध्ये उकिडव्या बसून तिच्याकडे बघत होत्या. हवालदार तोंडाला रुमाल लावून दारातच उभा राहिला होता.

"आत या की. चावणार नाही ती."

"मॅडम, सकाळपासून पोटात काही नाही."

"मग ओकायलाही काही नाही. या."

दाढेपासून रक्ताचा पट्टा सुरू होत होता. कुणाला तरी बखोटीला धरून फळ्यांवरून ओढत नेलेलं होतं. पट्टा शेडच्या मागच्या दारातून बाहेर गेला, धक्क्याच्या कडेला पोचला आणि संपला. खाली गाळाचं पाणी. त्यात कोपरापर्यंत हात घातला तरी पंजा दिसायचा नाही.

शेडमध्ये दोन खुंट्या, दोन रबरी पोशाख आणि कमरेला बांधायचे दोन दोर. बंदरातले पाणबुडे म्हणाल तर हे दोघे भाऊच, थोरला आणि धाकटा. त्यांची पद्धत बापापासून ठरलेली होती. एक खाली उतरला की दुसऱ्याने वर दोर धरून बसायचं. खालून एक हिसका म्हणजे मी ठीक आहे. वरून एक हिसका म्हणजे मी इथेच आहे. घराबाहेरच्या माणसाच्या हातात दोर द्यायचा नाही, मग तो कितीही जवळचा असो.

कोपऱ्यात धाकट्याची लोखंडी आकडी पडली होती. तिच्या टोकाला केस होते, आणि केसांखाली थोरल्याच्या डोक्याची कातडी.

बाहेर एकदम आरडाओरडा झाला. बाई धावल्या. धक्क्यावरच्या हमालांनी धाकट्याला त्याच्या होडीतून खेचून काढला होता. तो पहाटेच जाळं टाकायला गेला होता म्हणे. एकाने वल्ह्याचा फटका त्याच्या पाठीत घातला, दुसऱ्याने बुटाची लाथ तोंडावर. काल संध्याकाळी याच धक्क्यावर दोघा भावांची मारामारी झाली होती आणि ती सगळ्यांनी बघितली होती. शिवाय थोरला म्हणजे बंदराचा जीव. यांच्यातल्या निम्म्यांच्या पोराबाळांना त्याने कधी ना कधी पाण्यातून ओढून काढलं होतं. मग कोण ऐकतंय?

बाईंनी आधी हवेत गोळी झाडली आणि मग शिव्या हासडल्या. शिव्यांचाच परिणाम जास्त झाला.

"मेला तर मेला!" गर्दीतून कुणी ओरडलं.

गर्दीच्या पुढे बंदराच्या लाँचचा कप्तान उभा होता. पोरांच्या बापाचा जिवलग मित्र. दोघं त्याला काका म्हणायचे. तो ढसाढसा रडत होता.

"काय केलंस रे हे?" तो धाकट्याला म्हणाला. "सख्खा भाऊ होता ना तुझा?"

धाकट्याने रक्ताची गुळणी टाकली. "दादा कुठाय?" त्याने विचारलं.



२

"सोनाराला बोलवा," बाई म्हणाल्या.

"दागिने पण गेलेत का, मॅडम?" हवालदाराने विचारलं.

बाईंनी नुसतं बघितलं. हवालदार लाँचकडे पळाला.

बंदराकडे एक जुनं सोनार होतं, आवाजाने पाण्याचा तळ धुंडाळणारं यंत्र. ते चालवणाऱ्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. बारीक, चष्मा लावणारा, कानावर सदा हेडफोन. आपल्या मशीनचं कौतुक करायची संधी मिळाली की त्याची गाडी थांबत नसे. त्याने बाईंना लाँचमागून ओढायचं धूड दाखवलं. खलाशी त्याला 'मासा' म्हणायचे.

"हा पाण्याखालून आवाज सोडतो. आवाज जाऊन आपटतो आणि परत येतो. विहिरीत हाक मारतो ना आपण, तसंच. जे परत येतं त्याचं मी चित्र काढतो. मात्र उंच वस्तूच्या मागे आवाज पोचत नाही. तिथे सावली पडते, काळीकुट्ट. त्या सावलीत हत्ती बसला तरी मला दिसणार नाही. म्हणून मोठी वस्तू असली की एक फेरी या बाजूने आणि एक फेरी त्या बाजूने."

"मग एकाच फेरीत दोन्हीकडचं का नाही बघत?"

"याचा उजवा कान बहिरा झालाय. फक्त डावीकडचं ऐकतो. नवीन मागितलाय, येईल आमच्या नातवंडांच्या काळात."

बंदराच्या तळाशी मोठी वस्तू एकच होती. दोन वर्षांपूर्वी वादळात बुडालेलं क्रेनचं बार्ज, म्हणजे दुसऱ्या बोटीने ओढायची सपाट नाव. धक्क्याच्या भिंतीला समांतर पडलेलं. भिंत आणि बार्ज यांच्यामध्ये लाँच जेमतेम जाईल एवढा बोळ. बार्जच्या समुद्राकडच्या टोकाला क्रेनचा मोडका हात होता. ते बुडालं तेव्हा क्रेनवालाही आतच गेला. दारू पिऊन झोपला होता, असं तेव्हा कप्तानाने सांगितलं होतं, आणि बार्ज ओढणाऱ्या बोटीवर तोच असल्यामुळे ते सगळ्यांनी मानलं होतं.

"बार्जच्या मोकळ्या बाजूने समुद्राकडे जायचं," कप्तान डोळे पुसत म्हणाला, "वळायचं, आणि बोळातून परत यायचं. कुठली जागा सुटायची नाही. जागा दाखवणारं यंत्र बंद आहे, पण मला कशाला हवंय ते? डोळे मिटून नेतो."

बाईंनी हवालदाराला सोबत पाठवलं. कानसेन केबिनमध्ये काळ्या पडद्याआड बसला, कारण उजेडात मशीनवरचं चित्र नीट दिसत नाही. कप्तान सुकाणूवर. धाकट्याला चौकीच्या कोठडीत टाकून बाई धक्क्यावर गर्दीला धरून राहिल्या, नाहीतर चौकीचं दार टिकलं नसतं.

दुपारी लाँच परत आली. हवालदाराचा चेहरा हिरवट पडला होता.

"सगळा वेळ कठड्यावर लोंबकळत होतो, मॅडम. मध्येच माशाला दोर अडकला म्हणून कप्तानाने तो वर ओढून घेतला, लाँच गर्रकन फिरवली, परत सोडला. माझी तर आतडी बाहेर आली. पुन्हा म्हणून पाण्यात पाठवू नका."

कानसेनाने चित्रांच्या लांब पट्ट्या बाईंच्या हातात दिल्या आणि मान हलवली. "तळाशी माणूस नाही. सगळ्या बंदरात नाही."

"म्हणजे बाहेर समुद्रात नेऊन टाकला!" कप्तान ओरडला. "पहाटे बंदराबाहेर होडी कुणाची गेली होती? सांगा ना, कुणाची?"

गर्दीला एवढंच ऐकायचं होतं. पहिला दगड चौकीच्या खिडकीतून आत आला.

३

धाकटा कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता.

"भांडण कशावरून?" बाईंनी विचारलं.

"बार्जवरून."

"बार्जवरून?"

"खोली वाढवायची म्हणून ते तोडून काढायचंय. आठवडाभर दादा एकटाच तिथे उतरत होता. मला म्हणाला, तू दोर धर, खाली यायचं नाही. का, तर सांगणार नाही. काल मी पोशाख चढवला तर त्याने मुस्काटात मारली. सगळ्यांसमोर! आयुष्यात कधी हात लावला नव्हता मला त्याने." त्याचा आवाज फाटला. "मग मी पण मारलं. मी त्याला म्हटलं, मर जा तिकडे. हे शेवटचं बोललो मी त्याच्याशी, बाई."

तेवढ्यात पुढच्या खोलीत गडबड झाली. हवालदार कुणाला तरी अडवत होता, पण ती त्याच्या काखेखालून आत शिरली. पोरांची आई. हातात मुठीएवढा दगड. कुणाला काही कळायच्या आत तिने तो गजांमधून फेकला. धाकट्याच्या कपाळावर बसला. त्याने हात वर केला नाही की मान वळवली नाही.

"तुझ्याऐवजी मी गोटा जन्माला घातला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "तू बुडाला असतास तर मी सुटले असते रे!"

धाकट्याच्या भुवईवरून रक्त ओघळलं. इतका मार खाऊन न रडलेला तो माणूस तेव्हा रडला.

बाई आईला धरून बाहेर घेऊन गेल्या.

४

तिला घरी पोचवायला बाई स्वतः चालत निघाल्या. चौकीच्या गल्लीत आधी न्हाव्याचं दुकान, मग सार्वजनिक नळ, मग तिचं घर. न्हाव्याच्या दुकानात वस्तरे थांबले. नळावर बायकांनी हंडे खाली ठेवले. धक्क्याकडे जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात काही ना काही होतं. आकडी, साखळी, वल्हं.

घरात दोन खाटा शेजारी शेजारी होत्या. आई त्यांच्यामधल्या जागेत जमिनीवर बसली.

"थोरल्याचं काही बिनसलं होतं का?"

"जेवत नव्हता. झोपेत ओरडायचा."

"काय ओरडायचा?"

"एकच. 'दार बाहेरून लावलंय, दार बाहेरून लावलंय.' मी उठून कडी दाखवायची त्याला, बघ बाबा, आपलं दार आतूनच लावलंय. तर माझ्या मांडीत तोंड खुपसायचा, एवढा मोठा घोडा." तिने खाटेच्या कडेवरून हात फिरवला. "त्याला आणून द्या हो मला. कसाही असू दे, आणून द्या."

बाई निघाल्या. डोक्यात तेच घोळत होतं. कुठलं दार? नळ आला. कुणीतरी मागून थुंकलं. मग न्हाव्याचं दुकान आलं.

बाई थांबल्या.

जाताना आधी न्हावी, मग नळ. येताना आधी नळ, मग न्हावी. यात काय मोठंसं, शेंबड्या पोरालाही कळतं. पण बाई तिथेच रस्त्यात उभ्या राहिल्या. मग त्या पळत सुटल्या. साडीतली फौजदार भर रस्त्यात पळताना बघून न्हाव्याच्या गिऱ्हाइकाला वस्तरा लागला.

चौकीत त्यांनी बार्जच्या दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या आणि कानसेनाला बोलावलं.

"ही कुठली?"

"मोकळ्या बाजूची. समुद्राकडे जाताना."

"यात क्रेनचा हात कुठे?"

"शेवटी. आधी बार्जचं अलीकडचं टोक, मग क्रेन."

"आणि ही बोळातून परत येतानाची. यात?"

कानसेनाने बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"यातही... शेवटीच."

"परत येताना क्रेन आधी यायला हवी होती ना?"

"बाई, देवाशपथ! मी बार्जकडे बघितलंच नाही. दोन वर्षं बघतोय ते. माणसाचा आकार शोधत होतो मी. बार्ज आलं की नजर आपोआप पुढे जाते, रोजचंच म्हणून..." 

बाहेर दारावर पहिला ओंडका आदळला आणि बिजागरीजवळचा चुना खाली पडला.

५

मागच्या दाराने बाई सगळ्यांना घेऊन लाँचवर गेल्या. धाकट्यालाही. त्याला कोठडीत ठेवला असता तर परत येऊन त्याचे तुकडे गोळा करावे लागले असते. त्याच्या दोन्ही हातांत बेडी घालून त्याला कठड्यापाशी बसवला. हवालदार पोट धरून त्याच्या शेजारी.

"पुन्हा कशाला, बाई?" कप्तान म्हणाला. "नाही तो तिथे."

"मला चित्रं कळत नाहीत, काका. डोळ्यांनी बघायचंय. बोळातून घ्या."

"तिथे दगड आहेत. पंखा तुटेल."

"सकाळी नाही तुटला?"

 कप्तानाने ओठांवरून जीभ फिरवली. जावं तर पंचाईत, न जावं तर त्याहून मोठी. त्याने चाक फिरवलं. गर्दीला मागचं दार सापडलं होतं, आणि धक्क्यावरून दगड लाँचभोवती पाण्यात पडायला लागले होते. लाँच वळली आणि समुद्राकडच्या टोकाने बोळात शिरली. डावीकडे पाण्याखाली बार्ज, उजवीकडे शेवाळलेली भिंत.

"क्रेन," पडद्याआडून कानसेनाचा आवाज आला. "बाई, आधी क्रेन आली!"

"ऐकलंत, काका?" बाई म्हणाल्या. "सकाळी ती शेवटी आली होती. दोन्ही फेऱ्यांना. तुम्ही दोर अडकला म्हणून मासा वर घेतलात, लाँच फिरवून मागे नेलीत आणि त्याच मोकळ्या बाजूने पुन्हा समुद्राकडे गेलात. मशीनला ऐकू येतं ते फक्त डावीकडचं. दोन्ही रस्त्यांनी बार्ज डावीकडेच येतं. पडद्याआडच्या माणसाला फरक कळणार कसा? कळला असता हवालदाराला, पण त्याचं तोंड पाण्यात होतं."

"म्हातारा झालो. चुकलो असेन."

"डोळे मिटून नेणारा माणूस चुकला? बरं, बंदरात इतक्या फेऱ्या मारल्यात आणि चुकलात नेमके याच बोळात? जागा तोच टाळतो ज्याला तिथे काय आहे ते माहीत असतं. मला आधी कानसेनाचा संशय आला होता. पण त्याला लपवायचं असतं तर हीच पट्टी त्याने माझ्या हातात कशाला दिली असती?"

कप्तानाच्या हातातलं चाक हललं नाही.

"थोरल्याने धाकट्याला बार्जपाशी का उतरू दिलं नाही? खाली त्याला क्रेनवाला सापडला होता. आणि त्याच्या केबिनचं दार बाहेरून लावलेलं होतं. ते कुणी लावलं, काका? तेव्हा तिथे तुमच्याशिवाय कोण होतं?"

"बाई," पडद्याआडून कानसेन हुंदका देत म्हणाला. "बार्जला लागून... हात आहेत. पाय आहेत. कमरेला साखळी आहे."

पुढचं सगळं एका झटक्यात झालं. कप्तानाने दोर गुंडाळायच्या विंचचा लोखंडी दांडा उपसला आणि पडद्यावरच घातला. आत काहीतरी काडकन मोडलं आणि कानसेन पडद्यासकट बाहेर कोसळला, कान फाटून गालावर लोंबत होता. हवालदार मध्ये आला, त्याच्या पोटात दांड्याचं टोक बसलं. मग कप्तान धाकट्याकडे वळला. दांडा त्याच्या डोक्यावर येत होता, तेवढ्यात बाईंनी आपला हात मध्ये घातला. हाडाचा आवाज त्यांना आधी ऐकू आला, कळ मागून आली.

तेवढा वेळ धाकट्याला पुरला. त्याने बेडीची साखळी कप्तानाच्या गळ्यात टाकली आणि मागे ओढली. लाँच बेवारस होऊन भिंतीला घासत होती, फळ्या फुटत होत्या.

"तासभर कोंडलं होतं!" कप्तान घरघरत ओरडला. "दारू उतरावी म्हणून, तासभर! वादळ काय मी आणलं? बार्जचा दोर कापला नसता तर मी पण गेलो असतो!"

"आणि दादा?" धाकटा त्याच्या कानात किंचाळला. "माझा दादा?"

"म्हणाला, काका, मी कुणाला सांगणार नाही, तुम्हीच सांगा. पाया पडलो रे त्याच्या. ऐकेना. म्हणाला, क्रेनवाल्याच्या घरी अजून वाट बघतात..."

धाकट्याने साखळी आवळली. कप्तानाची जीभ बाहेर आली, टाचा फळीवर आपटायला लागल्या.

"सोड!" बाई मोडका हात छातीशी धरून ओरडल्या. "सोड त्याला. गावासमोर उभा करायचाय मला तो. अरे, एक पाण्यात गेला, दुसरा फाशी गेला तर ती माउली कुणाकडे बघणार?"

 मग साखळी सैल पडली आणि कप्तान पोत्यासारखा खाली आला.

६

कप्तानाला बेड्या घालून धक्क्यावर आणला. बाईंनी एका हाताने त्याची मानगूट धरली होती. "सांगा," त्या म्हणाल्या. त्याने सांगितलं. लोकांच्या हातातल्या आकड्या आणि वल्ही एकेक करून खाली गेली. सकाळी ज्याने धाकट्याच्या तोंडावर लाथ मारली होती, तो आपल्या बुटांकडे बघत उभा राहिला.

आता थोरल्याला वर आणायचं होतं. दुसरा पाणबुड्या बोलवायचा तर दोन दिवस लागले असते.

"मी जातो," धाकटा म्हणाला.

त्याने पोशाख चढवला. हवेची नळी जोडली. कमरेला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. आजवर ते टोक कुणाकडे द्यायचं हा प्रश्नच आला नव्हता.

लाथ मारणारा हमाल पुढे झाला. "दे, मी धरतो."

धाकट्याने मान हलवली.

"मी?" बाईंनी आपला धड हात पुढे केला.

"नको, बाई. घराबाहेर नाही देत."

गर्दी मागून दुभंगली. आई आली. ती आयुष्यात कधी धक्क्यावर आली नव्हती. नवरा उतरायचा तेव्हाही नाही, पोरं उतरायची तेव्हाही नाही. बघवायचं नाही तिला. तिने धाकट्याच्या कपाळावरची जखम बघितली, आपल्या दगडाची. पदराचं टोक तिच्यावर दाबून धरलं.  तिने त्याच्या हातातून दोर काढून घेतला आणि आपल्या मनगटाला दोन वेढे दिले.

धाकटा उतरला. पाणी त्याच्यावर मिटलं. बुडबुडे बार्जकडे सरकत गेले आणि एका जागी थांबले. दोर खाली जायचा थांबला.  बाईंचा हात ठणकत होता आणि त्या दोराकडे बघत होत्या. त्या आता एवढंच मागत होत्या की हा तरी वर येऊ दे.

खूप वेळाने आईच्या मनगटाला हिसका बसला. एकच.

तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. पण बापलेकांचं बोलणं जेवताना वर्षानुवर्षं तिच्या कानावर पडत होतं. तिने दोर दोन्ही हातांनी धरला आणि एक हिसका दिला.

"इथेच आहे रे," ती पाण्याकडे बघून म्हणाली. "इथेच आहे मी. दादाला घे आणि ये."